नफ्याआधीचा हिशेब

जमशेटजी टाटांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. मिठाच्या पुडीपासून मोटारीपर्यंत ते नाव रोज आपल्या डोळ्यांपुढे असते, आणि जे नाव रोज दिसते त्याच्यामागचा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. मलाही जमशेटजी म्हणजे पगडी घातलेला, भरघोस दाढीचा एक अर्धपुतळा, एवढेच ठाऊक होते. त्यांच्यापर्यंत मी पोचले ती एका कायद्याच्या वाटेने.

अर्थशास्त्राच्या चर्चासत्रासाठी मला २०१३ च्या कंपनी कायद्यातील दोन कलमे नेमून दिली होती. पहिले १३५ वे. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे ते सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. दुसरे १६६ वे. संचालकाने भागधारकांबरोबर नोकरवर्ग, समाज आणि पर्यावरण यांचेही हित सांभाळून वागले पाहिजे, असा त्याचा आशय. पहिल्या कलमाविषयी लिहिलेले ढीगभर सापडले, दुसऱ्याविषयी फारच थोडे. मला याचे फारसे नवल वाटले नाही. नफा पदरात पडल्यावर त्यातून दोन टक्के काढून देणे ही हिशेबनिसाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. पण तो नफा मिळवताना कोणाची छाती तुसाने भरली, कोणाचे भातशेत गेले, कोणत्या नदीचे पाणी कुठे वळले, हे संचालकांच्या बैठकीत, नफा होण्याच्या आधी विचारायचे म्हणजे साराच कारभार ढवळून निघतो. आपल्या देशात हा प्रश्न गिरणीच्या आत बसून विचारणारा पहिला मोठा मालक कोण, हे शोधू लागले तेव्हा वाट थेट आमच्या नागपुरातच आली. माझे आजोबा एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. म्हणजे वाट तशी घरातूनच जात होती.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी हे त्या घराण्यातून व्यापारात पडलेले पहिले. वडिलांमागोमाग मुलगा कोवळ्या वयात मुंबईस आला, एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकला आणि १८५८ साली तेथून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्याला पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला धाडले. हा व्यापार कापसाचा होता तसाच अफूचाही होता. काही चरित्रकार हा शब्द जरा हळूच उच्चारतात. मला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. मुंबईतल्या अनेक नामांकित पेढ्यांचे मूळ भांडवल त्या काळी त्याच मालातून उभे राहिले, आणि जमशेटजींच्या आयुष्याचा आरंभ तेथे आहे हे माहीत असले म्हणजे पुढच्या प्रवासाचे अंतर नीट मोजता येते.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो एका झटक्यात कोसळला. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. जवळच्या कागदांची किंमत उरली नाही. तोंड चुकवून परत यावे असा तो प्रसंग होता, पण ते धनकोंपुढे स्वतः जाऊन उभे राहिले. या धक्क्यातून घराणे सावरले ते ॲबिसिनियाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश फौजेला सामान पुरवण्याच्या मक्त्यामुळे. १८६८ साली, एकोणतिसाव्या वर्षी, जमशेटजींनी एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढल्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकूनही टाकली. मग ते लँकेशायरला गेले. तिथल्या गिरण्या पाहून आले. यंत्रांबरोबर तिथला धूर आणि मजुरांच्या चाळीही त्यांच्या नजरेस पडल्या असणारच, कारण पुढे त्यांनी जे केले त्यात या दोहोंचा धसका दिसतो.

१८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. मुंबई सोडून नागपुरात गिरणी घालणे हा त्या काळी वेडेपणा समजला गेला. जमशेटजींचा हिशेब मात्र साधा होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली, आणि कापड खपायला भोवती मुलूख. जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या, काठची दलदल भरून काढून तिच्यावर इमारत उभी राहिली. खड्ड्यात माती टाकायला पैसा जातो आहे हे पाहून गावातल्या एका सावकाराने भागभांडवलात पैसे घालायला नकार दिला आणि पुढे त्याला पस्तावा झाला, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतुकीतले. सुताचा आणि त्यांचा तोवर संबंध नव्हता. माणूस पारखून घ्यावा, धंदा त्याला शिकवता येतो, अशी ही रीत होती, आणि बेझनजींनी ती खरी करून दाखवली.

आता मजुरांकडे येऊ. कामाला आलेली माणसे म्हणजे कोष्टी विणकर, शेतमजूर, महार समाजातील माणसे. भोंग्याच्या तालावर बारा-बारा तास उभे राहण्याची सवय कोणालाच नव्हती. पेरणी आली की माणूस गावी, लग्नसराई आली की माणूस गावी. रोज पाचांतला एखादा कामावर गैरहजर असे. शिवाय पहिल्याच वर्षी मजुरीच्या दरावरून या गिरणीत संप झाला. कामगार चळवळीच्या इतिहासात भारतातील गिरणी कामगारांचा पहिला नोंदलेला संप म्हणून बहुधा याच संपाचे नाव घेतले जाते. टाटांच्या कौतुकाच्या पुस्तकांत तो सहसा आढळत नाही. माझ्या मते तो आढळायला हवा, कारण त्यापुढील सुधारणा आकाशातून पडल्या नाहीत हे त्यावरून कळते.

इतर गिरण्यांत गैरहजेरीवर एकच औषध होते, दंड. जमशेटजींनी वेगळा विचार केला. माणूस टिकत नाही याचे कारण इथे टिकण्यासारखे काही नाही, असे त्यांनी धरले. नागपूरचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. कोरड्या हवेत सूत तुटते आणि माणूसही. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि दमट ठेवण्याची यंत्रे त्यांनी बसवली. आगीसाठी छतातून पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा बसवली. कापसाचे तूस भरलेल्या खात्यात ठिणगी पडली तर काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला या नळांचे मोल समजेल. कोणी म्हणेल की दमट हवा माणसांपेक्षा सुतासाठीच होती. खरे आहे, सुतासाठीही होती. जमशेटजींनी ते कधी धर्मकार्य म्हणून मिरवले असे दिसत नाही. सुताचे हित आणि माणसाचे हित जिथे एका यंत्रात साधते ते यंत्र विकत घ्यावे, आणि त्याचा खर्च कारखान्याच्या खर्चात धरावा, इतका तो रोकडा विचार होता. मला त्याचे मोल धर्मकार्याहून अधिक वाटते. धर्मकार्य मंदीच्या वर्षी थांबते. छताला बसवलेला नळ थांबत नाही.

नियमित येणाऱ्यांसाठी वार्षिक बक्षीससमारंभ सुरू झाले. सोन्याच्या साखळ्या, घड्याळे, कापड अशी बक्षिसे हजारो लोकांसमोर मजुरांच्या हाती पडत. याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. १८८६ साली गिरणीत निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्या मजुराला भरपाई मिळू लागली. सरकारने कामगार भरपाईचा कायदा केला तो १९२३ साली. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. म्हणजे यंत्रात बोट गेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी नागपूरच्या एका गिरणीच्या जमाखर्चात शिरला होता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नका, इतके सांगून थकला होता, हे ध्यानात घ्यावे.

या ठिकाणी एका दुसऱ्या माणसाची आठवण ठेवली पाहिजे. जमशेटजी नागपुरात निधी काढीत होते त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी मजुरांच्या सभा भरवीत होते. १८८४ साली साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी पुढे केला. आठवड्याची सुटी मिळाली ती १८९० साली, १० जूनपासून. मालकाने आपणहून दिलेले आणि मजुरांनी मागून मिळवलेले यांत मी तुलना करीत बसणार नाही. पण लोखंड्यांनी मिळवलेला रविवार सगळ्या गिरण्यांना लागू झाला, जमशेटजींचा निधी त्यांच्या गिरणीपुरता राहिला, एवढे नोंदवते.

१८८६ सालीच जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल घेतली आणि तिला स्वदेशी असे नाव दिले. राजकारणात या शब्दाचा बोलबाला व्हायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती. ही गिरणी म्हणजे गळ्यात पडलेली धोंड ठरली. यंत्रे जुनी, बांधणी गैरसोयीची, आणि पतीचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी स्वतःचा पैसा ओतून आणि नागपूरची माणसे आणून ती उभी केली. पण मला रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. त्या काळी गिरण्यांचा कारभार मुखत्यार पेढ्यांकडे असे, आणि या पेढ्या आपली दलाली तयार होणाऱ्या सुताच्या रतलामागे घेत. सूत विकले जावो की पडून राहो, भागधारकाला लाभांश मिळो की न मिळो, मजूर जगो की मरो, पेढीची दलाली चालू. साहजिकच जितके जास्त सूत निघेल तितके बरे. दिवे लावून रात्र रात्र गिरण्या चालवण्यामागे हेही एक कारण होते. जमशेटजींनी मात्र पेढीचा मेहनताना नफ्यावरच घ्यायचा अशी रीत धरली. गिरणी बुडाली तर पेढीही उपाशी राहील. वरवर पाहता ही हिशेबाची बारीकशी बाब आहे. पण कारभार कोणाच्या फायद्यासाठी चालतो हे अशाच बाबींत ठरते. मुखत्यार पेढ्यांची पद्धत कायद्याने बंद झाली ती १९७० साली.

शिक्षणासाठी त्यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात आटोपते. १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्यातून दान नव्हे, कर्ज मिळे, आणि शिकून आलेल्याने ते फेडले की दुसऱ्याला उपयोगी पडे. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईतील आपल्या चौदा इमारती आणि चार जमिनी त्यांनी देऊ केल्या, त्यांची किंमत तीस लाख रुपये होती. सरकारने इतके आढेवेढे घेतले की बंगळूरची संस्था १९०९ साली स्थापन होईपर्यंत जमशेटजींना जाऊन पाच वर्षे झाली होती. रेशमाची शेती, इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस इथल्या मातीत रुजवण्याचा खटाटोप, जपानी कंपनीबरोबर बोटींचा धंदा, यांत बरेच पैसे गेले आणि यश थोडे आले.

पोलाद आणि वीज या दोन कामांत मात्र त्यांच्या विचाराचा पल्ला दिसतो, आणि त्याची मर्यादाही.

पोलादाचे स्वप्न चांदा जिल्ह्यातून सुरू झाले. १८८२ साली लोहारा येथील लोखंडाच्या खनिजाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला चालेना, खाणकामाचे नियम जाचक, म्हणून विचार बाजूला पडला. मनातून गेला नाही. १९०२ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना ते अमेरिकेला गेले आणि पोलादाच्या भट्ट्या पाहत हिंडले. त्याच वर्षी परदेशातून मुलाला, दोराबजींना, त्यांनी एक पत्र लिहिले. कारखाना कुठे होणार हे त्या वेळी ठरलेलेसुद्धा नव्हते. तरी पत्रात कामगारांच्या गावाचे रस्ते किती रुंद असावेत, त्यांच्या कडेला सावलीची आणि लवकर वाढणारी झाडे कशी लावावीत, हिरवळ, बागा आणि खेळांची मैदाने यांना जागा कशी सोडावी, निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा कशी राखावी, असा सगळा तपशील आहे. लोखंड सापडण्याच्या आधी झाडे. या पत्राचे फार कौतुक होते आणि ते योग्यच आहे. लवकर वाढणारी, हा एक शब्द मला त्यात सर्वांत आवडतो. आपल्या नातवंडांना सावली मिळेल असे श्रीमंत माणसे म्हणत आली आहेत. इथे भट्टीवरून घरी जाणाऱ्या पहिल्या पाळीच्या माणसाला सावली हवी होती.

विजेचा विचारही असाच. मुंबईच्या गिरण्या लांबून आणलेल्या कोळशावर चालत. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या आकाशात धुराड्यांचे जंगल उभे होते आणि काजळी चाळींत राहणाऱ्यांच्या जेवणात पडत होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवावे, कोकणाच्या बाजूला खाली सोडावे, आणि त्याच्या जोरावर निघालेली वीज मुंबईला न्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतील तज्ज्ञाने मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. स्वस्त आणि स्वच्छ, असे दोन्ही गुण या शक्तीत होते. शहराच्या हवेचा विचार धंद्याच्या आराखड्यातच घालणारी योजना त्या काळात दुसरी मला माहीत नाही.

यांपैकी काहीच त्यांनी पाहिले नाही. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे त्यांचे दफन झाले.

पुढचे काम दोराबजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९०७ साली पोलाद कंपनी स्थापन झाली, तेव्हा लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली आणि सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी तीन आठवड्यांत भांडवल उभे केले. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकची येथे कारखाना झाला. १९१९ साली त्या गावाला जमशेदपूर नाव मिळाले. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी, १९२८ मध्ये बाळंतपणाची मदत, अशी यादी सांगतात. त्याच यादीशेजारी १९२०, १९२२ आणि १९२८ चे जमशेदपुरातले संप मांडायला हवेत. रस्त्यांच्या कडेला झाडे आली, पण ज्या आदिवासी गावांच्या जमिनीवर ती आली त्या गावांची नावे शहराच्या कौतुकात क्वचितच येतात.

मालकीचे म्हणाल तर दोन्ही मुलांनी आपली संपत्ती न्यासांच्या नावे केली. रतनजी १९१८ साली गेले, दोराबजी १९३२ साली. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग आजही न्यासांकडे आहेत. १९७९ साली टाटा पोलाद कंपनीने आपल्या सामाजिक कामाची तपासणी बाहेरच्यांकडून करवून घेतली. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, प्रा. रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळंकर यांची समिती नेमली होती. आज बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि समाज यांविषयीचा वार्षिक अहवाल देणे सेबीच्या नियमांनी बंधनकारक आहे, तेही २०२२-२३ पासून. तेव्हा असे कसलेच बंधन नव्हते.

आता विजेकडे परत येते, कारण माझ्या मनात सलणारी गोष्ट तिथे आहे. १९१० साली वीज कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांची चाके सह्याद्रीच्या पाण्यावर फिरू लागली. १९२२ साली आंध्रा खोऱ्याची भर पडली. तिसरी योजना नीळा आणि मुळा नद्यांची, मुळशी पेट्यातली. आंबेमोहोर भातासाठी नावाजलेले हे खोरे. पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली किंवा पाण्याच्या काठाला जाणार होती. जमीन रीतसर ताब्यात येण्याच्या आधीच चाचणीचे चर शेतांतून खणले गेले आणि तिथून तक्रारीला तोंड फुटले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे आपल्या बायकामुलांसह धरणाच्या जागेवर बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे होते. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती इथेच.

सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. एका खाजगी कंपनीसाठी घेतलेली जमीन सार्वजनिक हिताची ठरली. मोबदला ठरला, पण पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावर चढल्या होत्या. सावकारांना रोख रक्कम हवीच होती. नांगर धरणाऱ्या कुळाच्या हाती फारसे काही लागणार नव्हते. त्यामुळे चळवळीतच दोन तट पडले आणि पुण्याचे काही पुढारी तडजोडीकडे वळले.

जमशेटजी असते तर काय झाले असते, असा प्रश्न चर्चासत्रात मला विचारला गेला. मी त्याला उत्तर देण्याचे टाळले, कारण तो प्रश्नच मला चुकीच्या जागी नेणारा वाटतो. नागपूरच्या गिरणीत ते हिंडत, म्हणून तुटणारे सूत आणि गळणारा माणूस त्यांना दिसला. लालबागचा धूर त्यांच्या घरापर्यंत येत होता. मुळशीचा कुळकरी संचालकांच्या वाटेवर कुठेच येत नव्हता. वीज कंपनीच्या भागधारकांत संस्थानिक होते, मुंबईचे शेठ होते. तिचे ग्राहक गिरणीमालक होते. शहराच्या स्वच्छ हवेचा हिशेब झाला, तो खराही होता. भाताच्या खाचरांचा हिशेब दर एकरी मोबदल्यापलीकडे गेला नाही, कारण तो मांडणारा कोणी त्या बैठकीत बसलेला नव्हता. मालकाची नजर कितीही चांगली असली तरी ती पोचेल तिथवरच पोचते. १६६ व्या कलमात समाज हा शब्द आहे. तो समाज कोणत्या दाराने बैठकीत येणार, हे कलम सांगत नाही. भीमेकडे जाणारे पाणी आजही घाटमाथ्यावरून उलट कोकणात उतरते, आणि भीमेच्या खोऱ्यातले लोक आजही त्याचा हिशेब मागत आहेत.

आमची एम्प्रेस मिल १९८० च्या दशकात टाटांच्या हातून गेली, काही काळ राज्य शासनाच्या महामंडळाने चालवली, आणि मग बंद पडली. निधी, भरपाई, बक्षिसांची घड्याळे हे सारे एका माणसाच्या डोक्यातून निघाले होते. पुढे त्यातले जे टिकले ते कायद्यात गेले म्हणून टिकले.

मुळशीचा लढा १९२४ च्या अखेरपर्यंत चालला. बापटांनी शेवटी काही सोबत्यांसह धरणाच्या कामावरची गाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले. १९२७ साली भिऱ्याच्या वीजगृहातून वीज मुंबईकडे निघाली, तेव्हा बापट तुरुंगातच होते.